आत्याला सांगितलेलं अर्धंच

जर्मनीला जायला मी सिल्वासा सोडलं त्या दुपारी टॅक्सी दारात उभी होती आणि आत्या, बाबांची थोरली बहीण, सगळ्यांदेखत म्हणाली, "जा बाई. तुझ्या आईच्या माहेरचं दुखणं इथंच राहू दे." माझी धाकटी बहीण ऋतुजा ल्युपसनं गेली, त्याला वर्षही झालं नव्हतं. शरीर स्वतःवरच उठतं, असा तो आजार; तिच्या मूत्रपिंडांवर उठला. आई माझ्या बॅगेची चेन ओढत राहिली. त्याच क्षणी मी ठरवलं, या बाईचं तोंड एक दिवस बंद करायचं.

बाबा धुळ्याहून सिल्वासाजवळच्या मसाटच्या कारखान्यात आलेले. मी शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी बोलत वाढले. आता जर्मनीत जर्मन बोलून भाजी घेते. काम मात्र मनासारखं मिळालं, संशोधनाचं. ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तातली एकेक पेशी आम्ही वेगळी वाचतो. आजारी पेशींत शेकडो जीन खवळलेले दिसतात, पण बहुतेक आजारामुळे खवळलेले. आजार घडवणारे थोडेच. ते हुडकायला आम्ही जीनमधले जन्मजात फरक बघतो. ते आजाराच्या आधीपासून असतात, आजार त्यांना बदलू शकत नाही.

ज्यातला फरक ल्युपसचा धोका वाढवतो, असा एक जीन आमच्या गटाला सापडला. मी आई-बाबांना तपासणी करायला लावली. धोक्याचा फरक बाबांत निघाला, आईत नाही.

आत्याच्या नातीच्या साखरपुड्याला मी मुद्दाम आले. जेवणं चालू असताना म्हणाले, "आत्या, दुखणं तुझ्या माहेरचं निघालं. बाबांच्या रक्तात सापडलंय."

तिचा हात ताटातच थांबला. काय बरं वाटलं मला! हा फरक असलेली बहुतेक माणसं ठणठणीत असतात, आणि ऋतुजात तो होता की नाही हे आता कधीच कळणार नाही, एवढं मी गिळून टाकलं.

"मग आमच्या प्राजूला?" आत्यानं नातीकडे बघत विचारलं.

मी खांदे उडवले.

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "सगळं सांगितलंस का तिला?"

"नाही."

"मग जा, सांग."

"तिनं तुला इतकी वर्षं छळलं, आई."

"मला छळलं ना? मग मी बघेन. तू सांग."

मी गेले नाही. माझ्या परतीनंतर आईच आत्याकडे रोज जाऊन बसली, मला फोनवर विचारून विचारून तिला समजावत राहिली.

आत्याबद्दल मला अजून वाईट वाटत नाही. पण आई "घरी कधी येतेस?" विचारते, तेव्हा मी सुट्टी नाही म्हणते. घर म्हणजे आता आईचा चेहरा, आणि त्याच्यासमोर उभं राहायचं धैर्य माझ्यात नाही.