चेंबरचं दार कुणी ठोकलं?

अन्याय झाला वनिताताईवर. तुर्भ्याच्या एका अँटेना कारखान्यातली कंत्राटी कामगार. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या दुपारी मशीनची पूजा झाली, पेढे वाटले, सगळे लवकर निघाले… आणि चेंबरचं दार कुणीतरी बाहेरून लावून टाकलं. ताई आत होती. घरचे शोधत गेटवर आले, तर वॉचमनने "सगळे गेले" म्हणून परत पाठवलं. दसरा आणि जोडून आलेली सुट्टी संपल्यावर दार उघडलं, तेव्हा ती जिवंत नव्हती.

भूतबित मी मानत नाही. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं स्टेशनबाहेर मी स्वतः वाटली आहेत. तरी हे लिहितेय, कारण गप्प बसले तर कंपनीचं फावतं.

चेंबर म्हणजे अँटेना तपासायची खोली. लष्कराच्या गाड्यांवरच्या, पोलिसांच्या, जहाजांवरच्या… सगळ्या इथूनच पास होऊन जातात. बाहेरचा सिग्नल आत येऊ नये म्हणून चहूबाजूंनी लोखंडी पत्रा, आणि आतून भिंती, छत, दारसुद्धा – सगळीकडे फोमचे हातभर सुळके. आवाज त्यातच जिरतो. मोबाइल बंद पडल्यात जमा. दाराला हँडल फक्त बाहेरून!

कंपनी म्हणते, "तिने दार ठोकलं असतं तर वॉचमनला ऐकू आलं असतं. चक्कर आली असणार." म्हणजे जीव तिचा गेला आणि चूकही तिचीच. आतून हँडल बसवायची गरजच नाही म्हणे.

आमच्या कामगार संघटनेने धरणं धरलं तेव्हा कुठे मॅनेजरनी मला चेंबर दाखवलं. भर दुपारी. सोबत मंदाकाकू होत्या, ताईच्या शेजारी बसून सोल्डरिंग करणाऱ्या.

मी म्हटलं, "मला आत कोंडा. मी ठोकते. बघू ऐकू येतं का."

"मॅडम, नाटकं कशाला?"

"का, घाबरलात?"

दार लागलं. आत दिवा होता, पण ती शांतता… स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटत होता. ताई सापडली त्या कोपऱ्यात आधी गेले. मग दाराकडे वळले. अजून हातही उचलला नव्हता, तोच दार उघडलं.

मॅनेजर हसत होते. "बघा! केवढा आवाज! कान किटले."

मंदाकाकूंनी माझा हात धरला. "अगो पोरी, लोखंडावर कवरं ठोकलंस! हात फुटला असंल तुजा."

"काकू, मी ठोकलंच नाही. आणि आतून लोखंड आहेच कुठे?"

काकूंनी दाराच्या आतल्या फोमकडे पाहिलं. "मंग आमी आयकला तो कोन?"

मी पुन्हा आत गेले. या वेळी सगळा जीव लावून ठोकलं, ओरडले. मुठी फोममध्ये रुतत होत्या, आवाज निघत नव्हता. दार उघडल्यावर मॅनेजर म्हणाले, "झालं? कधी ठोकणार होतात?" माझ्या केसांत, मनगटापर्यंत फोमचा काळा चुरा होता. तो बघून त्यांचं हसू गेलं.

आता कंपनी काय सांगत फिरतेय? "कामगार प्रतिनिधीसमोर खात्री केली, आवाज बाहेर येतो." आमचेच लोक मला म्हणतात, "भुताचं बोलू नकोस यार, सगळा विषय हसण्यावारी जाईल." पण तो आवाज माझा नव्हता! एसी, पाइप, शेजारच्या शेडमधला प्रेस… सगळं तपासलं, काही जुळत नाही.

हसायचं तर हसा मला. पण तुमच्या कारखान्यात, लॅबमध्ये, कोल्ड स्टोरेजमध्ये जाड दाराची खोली असेल, तर उद्या कामाला लागण्याआधी कुणाला तरी बाहेर उभं करा, आत जा आणि दार लावून घ्या. आतून उघडत नसेल, तर आतून उघडायची सोय होईपर्यंत त्या खोलीत कुणालाही पाऊल टाकू देऊ नका.