जजसाहेबांची मासळी

लिफ्टमध्ये कुणी सहज म्हणालं, "काय उकडतंय आज," तरी जजसाहेब चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय?" हसायचं की नाही, हे आपल्याला आपला मजला येईपर्यंत कळत नसे.

उच्च न्यायालयातून निवृत्त होऊन ते आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा मी सेक्रेटरी होतो. त्याआधी त्यांची बरीच नोकरी तालुक्यातालुक्यांतून झालेली. कुणाच्या लग्नाला जायचं नाही, कुणाकडे चहा घ्यायचा नाही, कारण आजचा यजमान उद्या पक्षकार म्हणून समोर यायचा. वहिनी सांगायच्या, "बदली झाली की निरोप द्यायला फक्त शिपाई." ती सवय इथेही सुटेना. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा ते घेण्याआधी विचारत, "तुमचं सोसायटीशी काही भांडण नाही ना?"

त्यांची मैत्री जमली ती एकट्या गेटवरच्या मासेवालीशी. ती जवळच्याच तळवली गावची. साहेबांना अरेतुरे करणारी बहुधा जगातली एकमेव बाई. "बाबा, तू कोर्टान बसायचास, पन तुला ताजा बोंबील वलखता येत नाय," असं ती सुनवायची आणि हायकोर्टाचा माणूस पायरीवर बसून मुकाट ऐकून घ्यायचा. रोज अर्धा तास. इतकं खूश मी त्यांना एरवी कधी पाहिलं नाही.

मग पहिल्या मजल्यावरच्या आजी मासळीच्या पाण्यावरून घसरल्या. हात मोडला. अर्धी सोसायटी म्हणाली, बाईला उठवा. उरलेली अर्धी म्हणाली, मग मासे कुठून आणायचे? शेवटी निवाडा जजसाहेबांनीच करावा असं ठरलं आणि मी वर गेलो.

"अहो, नाही म्हणा," वहिनी आतून म्हणाल्या.

"मी नाही म्हटलं तर तिची बाजू ऐकणार कोण?" साहेब म्हणाले.

आठ दिवस सुनावणी चालली. आठ दिवस साहेबांचे मासे बंद आणि तिच्याशी बोलणंही बंद. ती लांबून "बाबा, काय झाला?" विचारायची आणि हे पार्क केलेल्या स्कूटर्स न्याहाळत पुढे जायचे. निकाल असा लागला की बाईने गेट सोडून दहा पावलांवर बदामाच्या झाडाखाली बसावं आणि सोसायटीने तिला तिथे नळ आणि वर पत्रा द्यावा. मला तो उत्तम वाटला. तिला दगा वाटला.

"आपला मानूस म्हनून बगत व्हते तुझ्याकरं," ती भर गेटवर म्हणाली, "आन तूच मना उठवलास?"

त्या दिवसापासून साहेबांना मासे मिळेनात. वहिनी गेल्या तर ती विचारी, "ह्यो मावरा त्याच्या ताटान जानार ना?" जजच्या घरात खोटं बोलायची सोय नव्हती, त्यामुळे पिशवी रिकामी परत यायची. साहेब मात्र तिचीच बाजू घेत. "निकालावर नाराज व्हायचा पक्षकाराला पूर्ण हक्क आहे," असं म्हणत गवार खात. रोज झाडापर्यंत जात, क्षणभर थांबत. ती पाटीतून नजर वर काढत नसे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

गेल्या वर्षी साहेब दुपारच्या झोपेतच गेले. त्या दिवशी तिने पाटी उघडलीच नाही. संध्याकाळी मी खाली उतरलो तर ती झाडाखाली तशीच बसलेली.

"हितं नलाचा पानी हाय, सावली हाय, धंदा पन जास्तीच होतो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "निकाल बरोबरच व्हता त्याचा. दुसऱ्याच मयन्यान कलला मना. पन त्याला सांगाया जीब रेटली नाय."