कासारणीची साक्ष

माझी नात विद्यापीठात युद्धे आणि राष्ट्राराष्ट्रांचे संबंध हा विषय शिकवते. परवा तिने विचारले, "आजोबा, पोलीस ॲक्शनच्या तुमच्या आठवणींत बायका कुठे आहेत?" मी म्हणालो, "घरात होत्या." उत्तर देऊन झाल्यावर मात्र चित्त स्थिर राहिना, कारण एक बाई आठवली.

त्या धामधुमीला तेव्हा बारा वर्षे उलटली होती. मी शहरात, उस्मानपुऱ्यात, भिक्षुकी करत होतो. अजिंठ्याकडचा एक शेतकरी आपल्या भावजयीला घेऊन माझ्याकडे आला. त्याचा थोरला भाऊ रझाकारांच्या भयाने घर सोडून गेला होता, तो परतलाच नव्हता. बारा वर्षे ज्याची वार्ता नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यास अग्नी द्यावा, असा विधी आहे. त्यानंतर पत्नी विधवा ठरते. शेवटची वार्ता केव्हाची, हे मी दिराला विचारले. गावच्या पाटलांनाही पत्र घालून विचारले. हिशेब जुळला आणि मी दिवस ठरवला.

त्या सकाळी मी पाने मांडत होतो. मस्तकाची झाली, मानेची झाली. उंबऱ्याशी बसलेली ती बाई एकाएकी म्हणाली, "गुरुजी, फौज आली त्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांचा निरोप आला व्हता. कासारणीनं बांगड्या भरता भरता सांगितला. जालन्याच्या बाजारात तिनं त्यांना डोळ्यानं बघितलं व्हतं."

"घ्या! बांगड्यांच्या पाटीतली खबर," दीर हसला. "अन् वहिनी, इतकी वर्सं तोंडाला कुलूप व्हतं काय?"

"मला कुणी इचारलं?"

माझा हात थांबला. मीही विचारले नव्हते. घरातल्या स्त्रीला दाराबाहेरचे काही ठाऊक असेल, हे माझ्या मनातच आले नव्हते. आता कासारणीची साक्ष ग्राह्य धरावी काय? धरली, तर मी जिवंत माणसाला अग्नी द्यायला बसलो होतो. न धरावी, तर कोणत्या आधारावर?

"बारा वर्षे त्या निरोपापासून मोजायची. आणखी तीन वर्षे थांबावे लागेल," मी अखेर म्हणालो.

"म्हंजे अजून तीन वर्सं वाट बघायची?"

तिला विधी हवा होता की नको, हे मला तेव्हा उमगले नाही. आजही उमगत नाही. दीर रागाने पिशवी आवरू लागला. ती उठली.

"मग गुरुजी, आता घरी जाताना कपाळाचं काय करू?"

"कुंकू असू द्यावे," मी म्हणालो; आणि तेही तिच्याकडे नव्हे, दिराकडे पाहून.