टिकलीखालची चंद्रकोर

माझी मुलगी दिवसभर लोकांना सुया टोचते आणि ती डॉक्टर नाही.

हे वाक्य मी आज एका दमात लिहिलं. गेल्या वर्षी एवढंच बोलायला मला कित्येक महिने लागले, आणि शेवटी ते तोंडून निघालं तेही चारचौघींत, पन्ह्याच्या पेल्यात टिकली पडल्यावर! पण ते पुढे.

आधी माझी बाजू ऐका, कारण घरात ती कुणी ऐकत नाही. मी मंगळवेढ्याकडची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. (माझ्याआधी एक चुलते चढले होते, पण ते तिथे भिंतींना रंग द्यायला गेले होते.) बी.कॉम. झाले, परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या लेखा खात्यात लागले, रेल्वेतल्या इंजिनियरशी लग्न केलं आणि बदल्यांच्या मागे फिरत फिरत लखनौला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर करून बसले. पदवी काय, घोकून मिळते. अभिरुची मिळवताना मात्र माझा घाम निघाला. माहेरी पांढरं नेसलं की लोक विचारायचे, कोण गेलं? इथे पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने चिकनचं काम करतात आणि ते जितकं कमी दिसेल तितकं भारी. तेही शिकले. बिनसाखरेचा चहा शिकले. बैठकीच्या खोलीत एक आधुनिक चित्र लावलं. आमच्या ह्यांनी ते उलटं टांगलं आणि येणारा प्रत्येक जण त्या उलट्या चित्रासमोर मान हलवून ‘वाह’ म्हणून गेला. तेव्हापासून ते उलटंच आहे.

आणि माझी टिकली. लाल, रुपयाएवढी. ऑफिसात, शेजारात, मराठी मंडळात ती माझी ओळख होती. ‘क्या मराठी ठाठ है भाभीजी का,’ असं शेजारणी म्हणायच्या, आणि मंडळातल्या दोघी-तिघींनी तर माझं बघून तसलीच टिकली लावायला सुरुवात केली. टिकलीखाली काय आहे हे मात्र घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. खाली गोंदण होतं. हिरवी चंद्रकोर आणि तिच्या कुशीत ठिपका. मी चौथीत असताना जत्रेत आजीने मला गोंदणारणीपुढे बसवलं, दोन आत्यांनी दोन हात धरले आणि काम उरकलं. माझं मत कुणी विचारलं नाही! पुढे बी.कॉम. झाल्यावर मी माझं मत दिलं, टिकली लावून.

अशा आईच्या पोटी केतकी. समाजशास्त्रात एम.ए. केलं पोरीने, तेही चांगल्या मार्कांनी. मला वाटलं प्राध्यापक होईल, गेलाबाजार बँकेत तरी लागेल. तिने गोमती नगरात, मोमोच्या गाडीसमोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर टॅटूचं दुकान थाटलं. नाव ठेवलं ‘नील’. त्यावरून आत चपला मिळतात की केस कापतात, काहीच कळत नाही. मला तेवढाच दिलासा.

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण काही शब्द बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या बाईला शोभत नाहीत. तिच्या आजीला, पणजीला दोन अक्षरं आली असती तर त्यांनी अंगं टोचून घेतली नसती, एवढा त्याचा सारांश. ती शांतपणे पोळीचा घास मोडत होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"मम्मी, गाँव की औरत करवाए तो पिछड़ापन, और वही चीज़ मॉल वाली लड़की करवाए तो आर्ट. अच्छा टेस्ट क्या है, ये तय कौन करता है?"

"मी," मी म्हणाले. "तुझी फी मी भरली आहे."

ह्यांनी तेवढ्यात वरण मागितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात वाद पेटला की ह्यांना वरण लागतं.

उठताना केतकी एवढंच म्हणाली, की तिला माझी परवानगी वगैरे नको. फक्त एकदा, लोकांसमोर, ती काय करते ते मी माझ्या तोंडाने सांगावं. बाकी काही नको. मी म्हटलं, तो दिवस उजाडायचा नाही.

आता झालं असं, की आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी देशमुख वहिनी. कर्नलसाहेबांच्या मिसेस, राहायला छावणीत, बंगल्यापुढे एवढं मोठं लॉन. केतकीचं गोमती नगरात काहीतरी आहे, एवढंच त्यांना ठाऊक. त्या एकदा तिकडे खरेदीला गेल्या असताना वर डोकावून येऊ म्हणून केतकीकडे गेल्या आणि काचेच्या दारातूनच परतल्या. आत त्यांना काय दिसलं? केतकीच्या तोंडाला मास्क, हातात काळे मोजे, वर पांढरा दिवा, ट्रेमध्ये पाकीटबंद सुया, आणि खुर्चीवर आडवा पडून दात आवळणारा एक धिप्पाड गडी. पेशंट गंभीर आहे, व्यत्यय नको, असा विचार करून बाई निघून आल्या आणि संध्याकाळी मला फोन.

"अहो, मुलगी स्किनची डॉक्टर झाली आणि तुम्ही पेढेसुद्धा दिले नाहीत?"

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मी ‘हो’ म्हणाले नाही. मी ‘डॉक्टर’ हा शब्द उच्चारला नाही. मी फक्त पेढे वाटले.

पेढ्यांनी मात्र घात केला. ऑफिसातल्या बाईंनी मुरुमांवर औषध विचारलं. शेजारच्या भाभींनी सुनेच्या गालाचा फोटो पाठवला, मग सुनेने भाभींच्या मानेचा पाठवला. मी सगळ्यांना कोरफड सांगत सुटले. (कोरफडीने कुणाचं वाईट झाल्याचं ऐकिवात नाही.) उपनगरातून इतकी कोरफड गेली, की आमच्या कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्या भैयाने मला एक कुंडी फुकट दिली. आणि मग मंडळाच्या ग्रुपवर निमंत्रण आलं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, देशमुख वहिनींच्या घरी, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘उन्हाळ्यात त्वचेची निगा: डॉ. केतकी यांच्याशी गप्पा’.

मी केतकीला हात जोडले. दहा मिनिटं बोल, भरपूर पाणी प्या म्हण, कोरफड सांग आणि बस.

"आऊँगी. पर झूठ नहीं बोलूँगी."

आता प्रश्न तिच्या हाताचा. उजव्या दंडापासून मनगटापर्यंत तिने स्वतःच्या हाताने वेल गोंदली आहे, पानापानांची. (एका हाताने दुसऱ्या हातावर! ह्यांना त्यातलं इंजिनियरिंग आवडलं, मला नाही.) तो हात झाकायला मी तिला माझा सगळ्यात भारी, लांब बाह्यांचा चिकनचा कुडता दिला. पांढऱ्यावर पांढरं काम, मलमल अशी की अंगठीतून निघावी. छावणीत पोचल्यावर लॉनवरच्या उन्हात ती उतरली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मलमलीतून पलीकडचं दिसतं. वेल नुसती दिसत नव्हती, चिकनच्या फुलांना तिची पानं फुटल्यासारखी दिसत होती. लखनौमध्ये काही लपवायला चिकन घालणारी मीच पहिली असेन.

"डॉक्टर, कुडत्यावर अस्सल काम आहे हं," एक बाई म्हणाल्या. मी देवीला नमस्कार केला.

आत गौर मांडली होती, कलिंगडाची कमळं कापलेली, कैरीची डाळ, पन्हं. कूलर गारव्याऐवजी नुसती दमट हवा फेकत होता. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण माझं लक्ष केतकीकडे. समोरच्या खुर्चीत देशमुख वहिनींच्या सासूबाई, माई, बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, साताऱ्याकडच्या, आणि त्या उकाड्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज घातलेल्या. वहिनींना सासूबाई तशाच आवडतात, ग्रेसफुल.

केतकीने पाणी प्या सांगितलं. ऊन टाळा सांगितलं. मी मनात मिनिटं मोजत होते. एवढ्यात वहिनींनी विचारलं, की डॉक्टर, हे काळे डाग कशाने जातात?

"आंटी, मैं दाग़ मिटाती नहीं," केतकी म्हणाली. "बनाती हूँ. टैटू आर्टिस्ट हूँ."

एका बाईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला.

वहिनी माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा असा, की पेढा आता घशात अडकला असावा. "म्हणजे त्या जत्रेत फतकल मारून बसतात, तसल्या?" त्यांनी विचारलं. "तुमच्यासारख्या शिकलेल्या घरात?"

आता खरं सांगते, त्या क्षणापर्यंत हेच वाक्य मी घरात रोज म्हणत होते, शब्दनशब्द. पण आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की डोकंच फिरतं. मी ताडकन उभी राहिले. हातात पन्ह्याचा पेला. बोलायला मान झटकली आणि घामाने सुटलेली ती रुपयाएवढी टिकली कपाळावरून निघाली, ती थेट पेल्यात. पन्ह्यावर तरंगायला लागली, केशराच्या काडीशेजारी.

बायका पेल्याकडे बघत नव्हत्या. माझ्या कपाळाकडे बघत होत्या.

आता लपवायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे मी सरळ बोलले. "जत्रेत बसणाऱ्या बाईनेच मला गोंदलंय. त्याचा रंग अजून विटला नाही, तुमच्या पडद्यांचा दोनदा विटला. माझी मुलगी डॉक्टर नाही. ती गोंदते. आणि चांगलं गोंदते, तुम्ही आत्ताच कुडत्यावरचं काम म्हणून वाखाणलंत ते तिच्या हातावर आहे!"

(पडद्यांचं बोलायला नको होतं, असं ह्यांचं मत. हे तिथे नव्हते म्हणून बरं, नाहीतर वरण मागितलं असतं.)

पुढे काय होणार, आपल्याला हाकलणार की डाळ वाढणार, या विचारात मी उभी, आणि माईंनी खुर्चीतून हात पुढे केला. "जवळ ये गं. कोर कुणाकडची? आमच्याकडे ठिपका बाहेर असतो." मग त्यांनी सावकाश ब्लाऊजची बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, पाळणा, ओळीने ठिपके, सगळं धुऊन धुऊन फिकं पडलेलं. देशमुख वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्यांच्या घरात बाही होती, माझ्या घरात टिकली. फरक तेवढाच.

"पोरी, मेल्यावर सोबत येतं ते एवढंच," माई केतकीला म्हणाल्या. "आणि ते असं पुसट घेऊन गेले तर तिकडे मला ओळखायचं कुणी? परत हिरवं करशील?"

केतकी त्यांच्या पायाशी खाली बसली, तो हात आपल्या हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा, मी सांगितल्याशिवाय, मराठीत म्हणाली, "त्वचा फार नाजूक आहे, आजी. सगळं नाही करणार. तुळस करते."

परतताना स्कूटरवर ती मागे बसली होती. तिने फक्त मागून माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप बघतात तसा.

आता या सगळ्याचा शेवट गोड झाला असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी माझ्या घरी येऊन बघावं. मंडळातल्या ज्या बायकांनी माझं बघून मोठी टिकली लावली होती, त्यांना आता टिकलीखाली कोरही हवी आहे. ‘ओरिजिनल’ म्हणे! देशमुख वहिनींनी स्वतःसाठी मनगटावर एक ठिपका करून घेतला आणि कर्नलसाहेबांना तो तीळ म्हणून सांगितला. मी केतकीला म्हटलं, माझी कोर जरा गडद करून दे, तर म्हणाली, "लाइन लगी है, मम्मी. नंबर लगाओ."

आणि सगळ्यात मोठा अन्याय पुढेच आहे. आमच्या घराण्यातल्या पहिल्या पदवीचं प्रमाणपत्र मी चौकट करून बैठकीत लावलं आहे, त्या उलट्या चित्राच्या शेजारी. आजवर एकाही पाहुण्याने ते वाचलेलं नाही. माझ्या कपाळाचा फोटो मात्र केतकीने मोठा करून, सोनेरी फ्रेम घालून दुकानात समोरच टांगला आहे. गिऱ्हाईकं त्याच्यासमोर उभी राहून मान हलवतात, ‘वाह’ म्हणतात. कुणी विचारलंच, की ये किसका माथा है, तर ती अभिमानाने सांगते, "मेरी मम्मी का. बी.कॉम. हैं."

फोटो उलटा लागलेला आहे. कुणाच्याही लक्षात आलेलं नाही.