ऑक्सिजन आणि आमचे दाजी

आमचे हे, म्हणजे बब्रुवान सर, लोहाऱ्याच्या कॉलेजात अकरावीला रसायनशास्त्र शिकवतात. घरी तोंड उघडत न्हाईत, जे काय बोलायचं ते फळ्यापुढं. अधिक श्रावण लागला आणि ह्यांनी फळ्यापुढंच घात केला.

कोणत्या मूलद्रव्यानं किती इलेक्ट्रॉन दिले, किती घेतले, तो ऑक्सिडेशन नंबर पोरांना काढता येईना. हे म्हणाले, "ऑक्सिजन म्हणजे धोंड्याच्या जेवणाला आलेला थोरला जावई. कुठंबी बसवा, दोन घेणारच. म्हणून उणे दोन. परमँगनेटमध्ये असे चौघं, आठ नेतात. पोटॅशियम एक देतं. राहिलेले सात कुणी द्यायचे? मँगनीजनं. मँगनीज म्हणजे सासू. अधिक सात. बेरीज शून्य, घर शांत."

वर्ग खदाखदा हसला. त्यात माझ्या अक्काची प्रतीक्षा बसलेली, हे ह्यांच्या ध्यानातच न्हाय! पोरीनं घरी जाऊन बापाला जसंच्या तसं सांगितलं. तिचा बाप, वैजनाथदाजी, आमच्या आईचे थोरले जावई.

दाजींचा निरोप आला, "माकणीला धोंड्याला येत न्हाय." माकणीत आई एकटी राहते. मागच्या धोंड्याला ह्यांना आधी ओवाळलं म्हणून दाजी ताटावरून उठले होते. तेव्हापासून अक्काला माहेरी धाडलीच न्हाय. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, ते उगं न्हाय.

मी ह्यांच्यावर कडाडले, "अवो, तुमच्या त्या मेल्या ऑक्सिजनपायी अक्काचं माहेर कायमचं तुटतंय! जा, पाया पडा."

"नियम बरोबर हाय," हे म्हणाले. "अपवाद शिकवायचा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड घेतलं. "इथं दोन ऑक्सिजन एकमेकांचा हात धरून बसतात. साडूच ते. साडू साडूकडनं काय घेणार? हायड्रोजनकडनं एकेक मिळतो, तेवढाच. उणे एक. प्रतीक्षा, हेबी घरी सांग."

धोंड्याला दाजी अक्काला घेऊन आले, तोंड फुगवूनच. दोघं साडू शेजारी बसले. घाबरून आईनं दोन्ही पुरणाचे धोंडे दाजींच्याच ताटात वाढले.

दाजींनी ताटाकडं बघितलं. एक धोंडा उचलून ह्यांच्या ताटात ठेवला. म्हणाले, "साडूशेजारी बसलोय. एकच."

"बरोबर," हे म्हणाले, पेपर तपासल्यागत.

जेवून दाजी एकटेच जीपमध्ये बसले. "पंचमी होऊ द्या, मग हिला न्यायला येतो." अक्कानं पिशवी आत नेली. आई चुलीपुढं पदरात तोंड घालून रडली, मीबी रडले.

"बेरीज शून्य," हे म्हणाले. मी लाटणं दाखवलं, तवा गप बसले.