ड्रायव्हर मध्ये आला

मी मिरजेचा आहे, एवढ्या एका गुन्ह्यासाठी मला सौदी अरेबियात कित्येक वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी इंग्लंडातली जुनी डिझेल इंजिनं बघावी लागली.

झालं असं, की धाहरानजवळच्या ज्या हॉस्पिटलात मी एक्स-रे काढायचो, तिथेच एक इंग्रज गृहस्थ जनरेटर, बॉयलर आणि एसी सांभाळायचे. वयाने माझ्याहून बरेच मोठे, एकटे राहणारे, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर. त्यांच्या वेडामुळे सगळे त्यांना इंजिनसाहेब म्हणायचे. एकदा कॅन्टीनमध्ये त्यांनी मला गाव विचारलं. मी मिरज म्हटल्याबरोबर चहाचा कप खाली ठेवून ते उभे राहिले. मिरज जंक्शन! एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ! मी म्हटलं, हो, आहेत खरे. त्या रुळांचा मला आठवणारा एकमेव फायदा म्हणजे फाटक बंद असलं की शाळेत उशिरा पोचायला सबळ कारण मिळायचं. साहेबांना वाटलं, मी विनयाने बोलतोय. त्याच आठवड्यात ते प्रोजेक्टर घेऊन आमच्या दारात हजर झाले.

हॉलच्या भिंतीवर आमच्या हिने पांढरी चादर लावून दिली, पोहे केले आणि लग्नाची कॅसेट बघायला बसावं तशी ती पदर सावरून बसली. मुलं पहिल्या अर्ध्या तासात ‘होमवर्क’ म्हणून आत पळाली. एरवी त्या होमवर्कसाठी त्यांना कान धरून बसवावं लागायचं. चादरीवर एक हिरवं इंजिन उमटलं, तोंडावर पिवळा पट्टा असलेलं. मग खट्ट आवाज झाला आणि दुसरं हिरवं इंजिन आलं.

"हे मघाचंच ना?" हिने मला मराठीत विचारलं.

मी शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं. पण मी ते इंग्रजीत विचारलं आणि साहेबांचा चेहरा पडला. ह्याच्या बाजूच्या जाळ्या वेगळ्या आहेत, ते म्हणाले. ह्याचा आवाजही वेगळा. त्यांनी तो आवाज काढूनही दाखवला. आतून मुलांचं हसू ऐकू आलं.

दोन-तीन गुरुवार गेल्यावर हिच्या एक गोष्ट ध्यानात आली. एकाही चित्रात माणूस नव्हता. स्टेशनं होती, फलाट होते, बाकं होती, पण सगळीकडे सामसूम. "तिकडे काय संचारबंदी असायची का हो?" हिने विचारलं. मी ते साहेबांना सांगितलं, तर ते खूश झाले. हीच तर खरी कला, त्यांनी समजावलं. हमाल, प्रवासी, गार्ड, ड्रायव्हर, सगळे बाजूला होईपर्यंत कॅमेरा डोळ्याला लावून उभं राहायचं. नेमका कोणी आडवा आला तर ती स्लाइड बाद. "ड्रायव्हर मध्ये आला," असं ते म्हणायचे. आमच्या खात्यात आम्ही ‘पेशंट हलला’ म्हणतो, अगदी त्याच सुरात.

पुढे एकदा पोहे खाता खाता त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील इंजिन ड्रायव्हर. आधी कोळशाच्या इंजिनावर होते. ती इंजिनं काढून डिझेलची आली, तेव्हा साहेब शाळेत होते आणि वाफेच्या इंजिनांचे कट्टर भक्त होते. डिझेलवर त्यांचा इतका राग, की डिझेल फलाटात शिरलं की ते आणि त्यांचे मित्र इंजिनाकडे पाठ करून उभे राहायचे. फोटो काढणं तर लांबच. त्यातल्याच एका इंजिनाच्या खिडकीत वडील असायचे. पूर्वी ते घरी येत तेव्हा काजळीने माखलेले असायचे, आता धुतल्या हातांनी येऊ लागले. मुलाला ते फितूर झाल्यासारखं वाटलं. त्याने बोलणंच टाकलं. नंतर ती डिझेलंही भंगारात गेली, वडीलही गेले, आणि साहेबांना त्या डिझेलांचा असा काही उमाळा आला की सुट्टीत ते त्यांतल्या उरल्यासुरल्यांसाठी पावसात तासन् तास उभे राहू लागले. दुसऱ्यांनी काढलेल्या स्लाइड त्यांनी शेकड्यांनी जमवल्या. फक्त वडिलांचं इंजिन मिळत नव्हतं. तेवढं मिळालं की झालं, ते म्हणाले.

ते गेल्यावर चादर काढताना ही म्हणाली, "ह्यांना इंजिन नकोय. ह्यांना बाप हवाय."

"अगं, ते इंजिनाचा नंबर सांगत होते."

"मग काय बापाचा नंबर सांगतील?" असं म्हणून तिने चादर माझ्या अंगावर टाकली.

त्याच सुमाराला आमच्याकडे सौदीकरणाने जोर धरला होता. परदेशी माणसांच्या जागी हळूहळू सौदी माणसं यायची होती, आणि ज्याची जागा जायची त्यानेच येणाऱ्याला शिकवायचं होतं. मला एक वारस मिळाला, साहेबांना एक. साहेबांचा वारस उंच, अदबशीर आणि सुगंधी होता. तो त्यांना ‘मुअल्लिम’ म्हणायचा, म्हणजे गुरुजी. गुरुजी मात्र जनरेटरकडे तोंड आणि शिष्याकडे पाठ करून शिकवत. वारसाने वहीत काय लिहून घेतलं असेल ते तोच जाणे. हिच्या कानावर हे घातलं तर ती म्हणाली, "पाठ करायची सवय जुनीच दिसतेय. तुम्ही आपलं नीट शिकवा." मी नीटच शिकवत होतो. कफील म्हणजे आमचा मालक. त्याची मर्जी राखायची तर दुसरा इलाजही नव्हता.

साहेबांनी इंग्लंडातल्या एका रेल्वेप्रेमी मासिकात जाहिरात दिली, अमुक इंजिनाची स्लाइड हवी आहे म्हणून. हे मासिक त्यांच्याकडे सेन्सॉरच्या हातून यायचं. त्यात चुकून एखादी बाई फलाटावर दिसलीच, तर तिचे उघडे दंड काळ्या मार्करने झाकलेले असायचे. म्हणजे मुळात माणसं कमी, त्यात उरलेल्यांना आमच्यापर्यंत येताना काळं फासलेलं. आमच्या भागात दम्मामहून रियाधला जाणारी गाडी होती, पण तिचे फोटो काढायला मनाई होती. तिची इंजिनं अमेरिकन असल्याने साहेबांना ह्या मनाईचं काही दुःख नव्हतं. उलट ती योग्यच वाटत असावी.

जाहिरातीला आलेली उत्तरं मासिकवाल्यांनी एका जाडजूड पाकिटात एकत्र पाठवली, आणि ते पाकीट दम्मामच्या कस्टमवाल्यांनी अडवून ठेवलं. साहेब मला सोबत घेऊन गेले, कारण कामापुरतं अरबी मला येत होतं. ‘श्वास घ्या’, ‘धरून ठेवा’ आणि ‘खलास’ एवढं ते होतं, पण साहेबांचा माझ्यावर विश्वास होता.

अधिकारी पोक्त होता. फिल्मचं पाकीट म्हणजे आत काहीतरी आक्षेपार्ह असणारच, अशा तयारीने त्याने चहा मागवला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिली स्लाइड उजेडाकडे धरली. इंजिन. दुसरी धरली. इंजिन. तो मन लावून बघत होता, कोपरा न् कोपरा तपासत होता. चहा गार झाला. अर्धं पाकीट संपल्यावर त्याचा धीर सुटला.

"कुल्लू मकीना! नफर माफी?" त्याने मलाच दरडावलं. म्हणजे, सगळी नुसती यंत्रंच, माणूस एकही नाही?

मी मान हलवली. त्याने साहेबांकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, बायकांचे फोटो निघाले असते तर एकवेळ समजू शकलो असतो. मग "यल्ला, जा" म्हणत त्याने सगळं आमच्यापुढे लोटलं.

साहेबांनी गाडीतच स्लाइड बघितल्या. वडिलांचं इंजिन त्यांत होतं, एकदा नव्हे, पुष्कळदा. समोरून, बाजूने, उन्हात, धुक्यात. नंबर स्वच्छ, रंग सुरेख. आणि प्रत्येक स्लाइडमध्ये ड्रायव्हरची खिडकी रिकामी. ज्यांनी ज्यांनी ते टिपलं होतं, ते सगळे वडील खाली उतरून जाईपर्यंत थांबले होते. साहेबांनीही तेच केलं असतं.

"फोटो उत्तम आहेत," ते म्हणाले. बराच वेळ ते एवढंच म्हणत राहिले.

मला त्यांची दया आली आणि रागही आला. दया आली की मी चिडून बोलतो, हा माझा स्वभाव आहे. मी म्हटलं, "तुम्ही चांगले फोटो मागितलेत, ते आले. माणूस पाहिजे तर बाद झालेले मागवा ना." आमच्याकडे बाद फिल्मचं एक खोकं असतं. चांगल्या फिल्ममध्ये नुसती हाडं असतात, कोणाची का असेनात. बाद फिल्ममध्ये मात्र कोणी खोकलेला असतो, कोणी मान वळवलेली असते, रडणाऱ्या पोराच्या छातीवर आईचा हात बांगड्यांसकट आलेला असतो. हे सगळं मी एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत तावातावाने बोललो. साहेब एकेक स्लाइड पाकिटात परत भरत होते. मला वाटलं, दुखावले. पण पुढच्या महिन्याच्या मासिकात त्यांची नवी जाहिरात होती: त्याच इंजिनाच्या बिघडलेल्या, हललेल्या, टाकून दिलेल्या स्लाइड कोणाकडे आहेत का?

रेल्वेप्रेमी मंडळींत ह्या जाहिरातीने म्हणे बरीच खळबळ उडाली. असली वाईट चीज मागणारा माणूस कोण, अशी पत्रं आली. स्लाइड मात्र येईना. दरम्यान हॉस्पिटलने साहेबांना कळवलं, की वारस तयार आहे, आपला करार आता वाढवणार नाही. वारस तयार झाला होता हे खरंच होतं. पाठमोऱ्या गुरूकडून शिकूनही तो चांगला शिकला होता. साहेब गुरुवारी आले, पण त्यांनी प्रोजेक्टर आणला नाही. हिने पोहे पुढे केले तेव्हा म्हणाले, आमचे वडील डिझेलवर गेले तेव्हा त्यांच्यासोबतचा कोळसा टाकणारा माणूस घरी बसला होता. त्याचं काय झालं, हे मी कधी विचारलंच नाही. त्या रात्री मुलं आपणहून बाहेर येऊन बसली.

जायला थोडे दिवस उरले असताना ते दुपारी माझ्या डार्करूमच्या दाराशी आले. हातात एकच स्लाइड. "तुझी दिव्याची पेटी मोकळी आहे का?" मी भिंतीवरच्या पेटीतला कोणाचा तरी मोडलेला हात उतरवला आणि दिवा लावला. साहेबांनी ती चिमुकली स्लाइड त्या मोठ्या पांढऱ्या उजेडावर धरली आणि माझं भिंग घेतलं.

इंजिन तिरकं, अर्धवट कापलं गेलेलं. खिडकीतून एक माणूस कमरेपर्यंत बाहेर वाकलेला, हात वर केलेला, हलल्यामुळे पुसट. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर काढणाऱ्याने वैतागून लिहिलं होतं: ड्रायव्हर मध्ये आला.

"नंबर कापला गेलाय," साहेब आधी म्हणाले. सवय जाता जात नाही. मग भिंग तसंच धरून म्हणाले, "हसतायत. मला वाटायचं, ह्या इंजिनावर ते दुःखी असतील. मी तसं ठरवूनच टाकलं होतं." आणि ते रडायला लागले. मलाही रडू आलं. बाहेर पेशंटची रांग लागली होती आणि माझा वारस ती एकट्याने, अगदी झकास सांभाळत होता.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी डायरेक्टरकडून एका फोटोची परवानगी मिळवली. हॉस्पिटलात फोटोला सक्त मनाई, म्हणून एकच, आणि तोही जनरेटरचा. देखरेखीला एक गार्ड दिला. आम्ही सगळे जनरेटरच्या खोलीत जमलो. साहेबांनी तिपाई मांडली, कॅमेरा लावला, डोळा टेकवला, आणि आम्ही न सांगता भराभर भिंतीकडे सरकलो. इतक्या वर्षांत आम्हाला वळण लागलं होतं.

साहेबांनी मान वर केली. "नाही नाही. मध्ये या," ते म्हणाले. "सगळे मध्ये या."

कोणी हलेना. तेव्हा त्यांनी आपल्या वारसाचा दंड धरून त्याला जनरेटरपुढे आणलं, मग मला, मग गार्डला. गार्ड ‘ममनू’, मनाई आहे, असं म्हणत म्हणत टोपी नीट करत होता. साहेबांनी कॅमेऱ्याचं आपोआपचं बटण दाबलं आणि ते आमच्याकडे धावत आले.

तो फोटो काही महिन्यांनी इंग्लंडहून आला. जनरेटर अजिबात दिसत नाही. वारस छान आलाय, गार्डही. माझे डोळे मिटलेत. साहेब अजून पोचायचेच आहेत. एक हात वर, मान कॅमेऱ्याकडे वळलेली, तोंड हसरं, सगळंच पुसट. माझ्या खात्याच्या नियमाने हा फोटो सरळ खोक्यात जायला हवा. ही त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मग तिने तो उलटा केला. मागे साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: माणसं मध्ये आली.