तीनदा कापलेली हद्द

मुलाणी सरांचं नाव आधी घेतो. म्हसवडजवळच्या आमच्या वस्तीवरून हायस्कूलला जाणारा मी पहिलाच. वडील मेंढरं राखायचे, दाखल्यावर अंगठा उठवायचे. दहावीच्या वर्षी सरांनी आणि त्यांच्या बायकोनं, चाचींनी, मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आज मी पदवीधर आहे, सांगलीत नकाशांचं काम करतो, ते त्यांच्यामुळे. सर भूगोल शिकवायचे. नववीत त्यांनी कापडी टेप हातात देऊन शाळेच्या मैदानाचा नकाशा काढायला सांगितला होता. ऊन फार होतं, म्हणून मी वर्गात बसूनच अंदाजानं काढला. सुबक आला होता. सरांनी बघितला आणि एवढंच विचारलं, "दत्ता, जागेवर उभा राहिलास का?"

आता मूळ गोष्ट. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. वस्तीवर कुणाच्या अंगात आलं की मी उठून बाहेर जायचो. जे घडलं त्यातही मी भुतावर संशय घेतला नाही... माणसावरच घेतला. तोच मला जास्त खातो.

आमचं ऑफिस छोटं, कंत्राटी. जुने कागदी गावनकाशे स्कॅन करायचे आणि प्रत्येक गटाची, म्हणजे शेताच्या तुकड्याची, हद्द कॉम्प्युटरवर उतरवायची. जुना कागद ताणलेला, आकसलेला असतो, त्यामुळे शेजारचे दोन गट काठाला एकमेकांवर चढतात. तव्यावर दोन भाकरी टाकल्यावर चढतील तसे. सॉफ्टवेअर तेवढा भाग लाल दाखवतं. मग 'क्लिप' करायचं... एका गटाच्या आकारानं दुसऱ्याचा चढलेला काठ कापून टाकायचा. कुणाचा कापायचा हे सॉफ्टवेअर सांगत नाही, ते आपण ठरवायचं. आमच्या जाधव साहेबांचा नियम सोपा होता : "मोठ्या गटाला हात लावायचा नाही. मोठा माणूस हरकत घेतो, फाइल परत येते. लहानातून काप आणि पुढं चल."

मीही तसंच करायचो. माझा हात चांगला भरभर चालायचा.

विट्याच्या पुढचं एक गाव होतं, नाव देत नाही. त्यात गट २१२ मोठा, मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, दुकान लांब तामिळनाडूत. शेजारी २१३, एवढासा. दोघांच्या मधे विळ्याच्या पात्यासारखा वाकडा लाल तुकडा, अडीच-एक गुंठ्यांचा. त्यात खालच्या उपग्रह-चित्रात एक विहीर दिसत होती. ती विहीर दिसत असताना मी २१३ कापला, हे लिहायला हवं. कापलं, सेव्ह केलं, तपासलं. लाल काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला फाइल उघडली, तर विळा परत जागेवर.

वाटलं, सेव्ह झालं नसेल. पुन्हा कापलं. या वेळी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. दुसऱ्या सकाळी... परत.

आणि एक गोष्ट जास्तीची. २१३ची रेघ मी कागदावरून उतरवली तेव्हा सरळ होती. परत आलेल्या रेघेला एक कोपरा होता. मी माउसनं कधीच न टेकवलेला एक बिंदू, विहिरीच्या पलीकडे. स्कॅन केलेला कागद मोठा करून बघितला. तिथं घडी पडून कागद झिजलेला, काहीच दिसत नव्हतं. फाइलमधल्या शेवटच्या बदलाची वेळ मात्र माझीच, आदल्या संध्याकाळची.

माझी नजर शेजारच्या टेबलावर गेली. विकास, विट्याचाच. आम्हा दोघांमधून एकालाच पर्मनंट करणार होते. माझ्या कामात चुका निघाल्या तर खुर्ची कुणाची, हे सांगायला नको.

"विक्या, माझ्या फाइलला हात लावलास?"

"तुज्या फाइलला? माजीच मला उरकंना." मग खुर्ची फिरवून म्हणाला, "काय रं गड्या, भूत लागलंय काय? पण भुताला लायसन लागतंय सॉफ्टवेअरचं, साहेब नवीन घेत न्हाईत."

सगळे हसले. मी नाही. मला त्याचं हसणं ठरवून केल्यासारखं वाटलं. तो चहाला उठला की मी त्याच्या स्क्रीनकडे बघायचो. त्यानं डबा पुढे केला तरी मी घेईना. एकदा तर त्याचा मोबाइल टेबलावर उलटा पडला होता, तो मी सुलटा करून बघितला. एवढा खाली मी कधी गेलो नव्हतो.

तिसऱ्या वेळी सापळा लावला. विकास भावकीतल्या लग्नाला दोन दिवस विट्याला जाणार होता. तो गेल्यावर मी २१३ कापला, फाइल पेनड्राइव्हवर घेतली, कॉम्प्युटरवरची काढून टाकली आणि पेनड्राइव्ह खिशात घालून खोलीवर गेलो. आता बघू म्हटलं.

सकाळी ऑफिसात पेनड्राइव्ह लावला. विळा होता. कोपरा होता.

खिशातली वस्तू कोण बदलणार? खोलीतल्या जोडीदारावर संशय आला, मग सॉफ्टवेअरवर, शेवटी स्वतःवर. झोपेत उठून मीच करत असेन का? फोन करून विकासला सगळं सांगितलं, मोबाइल बघितल्याचंसुद्धा.

"मोबाइलात काय घावलं?"

"काही नाही."

"मंग ये हिकडं. जेवणावळ उरकली की तुज्या भुताचं गाव बघून येऊ. हितनं लांब न्हाई."

ऑफिसचं जीपीएस यंत्र घेऊन मी एसटीनं विट्याला गेलो आणि त्याच्या गाडीवर मागं बसलो. दुपारी दोनचा सुमार. २१२मध्ये जेसीबीनं रान सपाट केलेलं, नवी डाळिंबं लावलेली. २१३मध्ये शाळू काढलेला, कडेला विहीर. यंत्रात मी त्या न टेकवलेल्या बिंदूचे आकडे घातले आणि ते दाखवेल तसा चालत गेलो. विहिरीच्या पलीकडे, सपाट केलेल्या रानाच्या कडेला यंत्र थांबलं. तिथं काहीच नव्हतं. नुसती माती.

"हे बग तुजं भूत," विकास म्हणाला. "ढेकूळ हाय."

तेवढ्यात मागून आवाज आला, "कोन रं तुमी? मोजनीवालं काय?"

सत्तरीच्या आजी होत्या, हातात खुरपं. शेवंताआजी, २१३ त्यांचाच. आम्ही नकाशावाले आहोत म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"नकाशावालं, मंग माजी हीर कुणाच्यात दावताय? डाळिंबवालं म्हनत्यात नव्या नकाशात त्यांचीच येनार. हीर गेली तर मी रान काय थुकीनं भिजवू?"

मी यंत्र बंद करू लागलो. विकासच म्हणाला, "आजी, हद्दीचा दगड कुटं व्हता?"

"ह्यो हुबा हाय तितंच की!" आजींनी माझ्या पायाकडे खुरपं रोखलं. "माज्या सासऱ्यानं पुरला व्हता. गावच्या शिवंचा वाद आमच्याच मानसांनी सोडवायचा, ही जुनी रीत. बौद्ध धर्म घेतल्यावर मामंजींनी गावकीची समदी कामं टाकली, पर मोजनीवालं आलं की साखळी धरायला त्यांनाच बोलवायचे. कुटला दगड कुटं, त्यांच्या ध्यानात. जेसीबीवाल्यानं न्हेला उचलून."

"मग आता पुरावा काय राहिला, आजी?" मी विचारलं.

"दगड न्हेला. कोळसा कुटं न्हेणार?"

त्या खाली बसल्या आणि उकरू लागल्या. पुढचं आम्ही दोघांनी उकरलं. हातभर खाली काळं लागलं. कोळशाचे खडे, त्यांच्यात खापराचे तुकडे. दगड पुरताना खाली कोळसा घालायचा, कारण लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाही, असं आजी म्हणाल्या. कॉम्प्युटरवर परत परत येणारा विळा त्यांना ठाऊक नव्हता, आणि मी सांगितलाही नाही.

आम्ही गाडीवर परत निघालो. विट्यात शिरल्यावर विकास म्हणाला, "दत्ता, मी न्हाई केलं रं."

"माहीत आहे," मी म्हटलं. पण खरं सांगतो, तेव्हाही मनाचा एक कोपरा हिशेब लावत होता... हा इथलाच, ह्याला आधीच ठाऊक असेल का?

सोमवारी मी नियम मोडला. २१२ कापला, काठ २१३कडे ठेवला. जाधव साहेब भडकले. "मोठ्यातून कापलंस? शेऱ्यात काय लिहिणार, कोळसा सापडला?"

मी तेच लिहिलं. फोटो जोडले, जागेवर मोजणी व्हावी असं लिहिलं आणि विहीर २१३मध्ये ठेवून फाइल पुढे पाठवली. त्या सकाळनंतर तिथं लाल काही दिसलेलं नाही. पर्मनंट विकास झाला. त्यानं पेढे दिले, मी खाल्ले.

जाणकारांना विचारलं. कुणी म्हणतं जुनी प्रत उघडली असेल, कुणी म्हणतं रेघा आपोआप चिकटतात. असेल. पण कागदावर नसलेला तो कोपरा कुठून आला, हे कुणालाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

सरांना आता ऐकू कमी येतं, फोन जमत नाही. म्हणून पत्र लिहिलं. ते इथं देतो.

"आदरणीय सर, नमस्कार. चाचींनाही सांगा.

विहिरीची गोष्ट सोबतच्या कागदांत सविस्तर लिहिली आहे. तुम्ही भुतावर विश्वास ठेवणार नाही हे मला माहीत आहे. मला विचारायचं आहे ते वेगळंच.

त्याच गावात मी अजून चाळीसएक ठिकाणी असेच काठ कापले. सगळे लहान गटातून, सगळे खुर्चीत बसून. त्यातला एकही परत आला नाही. सर, ते बरोबर कापले होते म्हणून आले नाहीत, की त्यांना परत आणणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून?

मी पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. पहिल्या गटापासून पायी जाणार आहे. ऑफिसचं यंत्र रजेवर मिळत नाही. तुमची ती कापडी टेप अजून असेल तर रविवारी न्यायला येतो. या वेळी जागेवर उभा राहीन.

तुमचा,
दत्ता"